शून्य मृत्यूंचा दवाखाना

डॉ. मोहरीलांनी कित्येक वर्षांत साप चावलेल्या एकाही माणसाच्या अंगाला हात लावला नव्हता, आणि तेवढ्याच काळात ते सर्पदंशाचे तज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले होते. डॉ. दामिनी भांडेकरला या गोष्टीचं आधी हसू यायचं. मग राग यायला लागला. या पावसाळ्यापर्यंत रागही आटला आणि उरली ती नुसती किळस, घासात केस निघाल्यावर येते तशी.

वैनगंगेच्या काठावरचं ते धर्मादाय रुग्णालय, नाव वैनतीर. दामिनी तिथं अतिदक्षता विभाग सांभाळायची. ती चामोर्शीकडची, धानाच्या बांध्यांत वाढलेली, त्यामुळे रुग्णांशी त्यांच्याच बोलीत बोलायची. मोहरील विभागप्रमुख आणि शिवाय संशोधनप्रमुख. त्यांच्या खोलीला वातानुकूलन होतं. अतिदक्षता विभागालाही होतं, पण ते चालायचं नाही.

मोहरीलांचा अभ्यास चालू होता तो सर्पदंशाच्या रुग्णांवर. कुणाला धोका जास्त, का जास्त, उपचारांनी काय झालं, हे शोधायचं. शोधायचं म्हणजे म्हणायला. निष्कर्ष सरांनी पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता: इथले लोक अडाणी आहेत, साप चावला की आधी मांत्रिकाकडे धावतात, म्हणून दगावतात. आता त्या निष्कर्षाला शोभतील असे रुग्ण तेवढे हवे होते.

दामिनीनं नातेवाइकांशी बोलून माहिती गोळा केली, तर निघालं भलतंच. बहुतेक जण थेट निघालेले. कुणाचा नाला भरलेला, कुणाला गाडी मिळालेली नाही, जिवतीच्या एका बाईला तर खाटेला बांधून डोंगर उतरवावा लागला होता.

"रस्ता हा वैद्यकीय घटक होत नाही," सर म्हणाले.

"पण सर, उशीर त्यामुळेच झालाय."

"मांत्रिक लिहा. एकदा तरी अंगारा लावलाच असेल कुणीतरी."

आणि उपचारांचं फळ? तिथं तर कमालच होती. वैनतीरमध्ये सर्पदंशानं वर्षभरात एकही मृत्यू नव्हता. फाटकावर तसा फलकच लावलेला होता. ही किमया कशी साधली ते दवाखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. एखादा रुग्ण हाती लागणार नाही असं वाटलं की घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचं, आता देवावर सोडा, घरी न्या. अंगठा घ्यायचा. 'नातेवाइकांनी स्वखुशीने नेले.' माणूस मग फाटकाबाहेर मरायचा, ॲम्ब्युलन्समध्ये मरायचा, आपल्या पडवीत मरायचा. वैनतीरमध्ये मरायचा नाही. आणि स्वखुशीनं गेलेल्यांचं पुढं काय झालं ते कळत नाही, या कारणानं सर त्यांना अभ्यासातून वगळायचे.

दामिनीनं एकदा हे तोंडावर विचारलं तेव्हा सरांनी चष्मा पुसला. "भावनेनं विज्ञान होत नाही, मॅडम," असं म्हणाले. जणू आकडे झाकणं म्हणजे विज्ञानच.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका सकाळी लटारूला आणलं. चामोर्शी तालुक्यातला शेतकरी, साठीच्या पुढचा, काटक. खाली सतरंजीवर झोपला होता. पहाटे पोट दुखतं म्हणून उठला, मग पापण्या गळायला लागल्या, मग जीभ जड झाली. मुलगा हेमराज यानं मोटरसायकलवर मधे बसवलं, मागून आई, आशाबाई, घट्ट धरून. मांत्रिक वाटेत कुठंच नव्हता. नाला होता, तो त्यांनी गुडघाभर पाण्यातून पार केला होता. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत लटारूचा श्वास थांबायला आला होता.

दामिनीनं नळी घातली, व्हेंटिलेटरवर घेतलं, विषावरचं औषध सुरू केलं. मण्यार असणार, ती ओळखून होती. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दाताची खूण धड दिसतही नाही, पण सगळं अंग लुळं पडतं. औषध विषाला आवरतं, बाकी काम यंत्राचं आणि वाट पाहण्याचं. श्वास चालू ठेवला तर काही दिवसांत अंग हळूहळू जागं होतं.

वाट पाहणं मोहरीलांना मानवत नसे. मुंबईहून तज्ज्ञांची समिती यायची होती, शून्य मृत्यूंचं कौतुक करायला. तिसऱ्या दिवशी सर राऊंडला आले, ते खाटेच्या पायथ्याशीच थांबले. टॉर्च त्यांनी नर्सकडून मारून घेतली.

"बाहुल्या हलत नाहीत. मेंदू गेलाय."

"मण्यारीच्या विषानं बाहुल्याही लुळ्या पडतात सर. मेंदू शाबूत असतो. थांबायला हवं."

"समिती सोमवारी येतेय. हा माणूस इथं गेला तर आख्ख्या वर्षाचा आकडा बिघडेल." त्यांनी आवाज खाली आणायचीही तसदी घेतली नाही. "तसाही आता प्रेतच आहे. घरी धाडा. सुगंधाबाई, अंगठा घ्या बायकोचा."

सुगंधाबाई समुपदेशक होत्या. कागद घेऊन निघाल्या, पण पाय ओढत.

दामिनी त्यांच्या आधीच बाहेर गेली. आशाबाई भिंतीला टेकून बसली होती, पदराचं टोक दाताखाली धरून.

"काकू, लटारूभाऊले नेऊ नका," दामिनी म्हणाली. "यंत्र काढलं तं वाटेतच जाईल. इथी ठेवलं तं उठू शकते."

आशाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग सुगंधाबाईंच्या हातातल्या कागदाकडे. "मोठे डाक्टर तं म्हणते, गेला."

"मोठे डाक्टर चुकून राह्यले."

"तुमाले खात्री हाय?"

दामिनीनं खोटं बोलायचं टाळलं. "पुरी नाई. पण हे तं पक्कं सांगतो, जिता माणूस हाय."

 आशाबाई उठली, आत गेली, लटारूच्या खाटेला लागून फरशीवर बसली आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. "अंगठा नाई देत," एवढंच म्हणाली. हेमराज दारात उभा राहिला. दार बऱ्यापैकी अडलं.

मोहरीलांनी दामिनीला खोलीत बोलावून बरंच सुनावलं. शिस्त, वरिष्ठ, संस्थेची प्रतिष्ठा. ती ऐकत होती आणि त्यांच्या टेबलावरची चांदीची नागमूर्ती बघत होती. कुठल्याशा परिषदेत मिळालेली. सापाशी सरांची एवढीच काय ती ओळख.

"यंत्र बंद करायचा लेखी आदेश द्या सर," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या सहीनं. मी पाळते."

सही करायची म्हटल्यावर सरांना एकाएकी दुसरं काम आठवलं.

दुपारी ती खाटेपाशी आली आणि लटारूच्या कानाशी वाकली. "लटारूभाऊ, आयकू येत असन तं पायाचा अंगठा हालवा." काहीच झालं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. उजव्या पायाचा अंगठा थरथरला, माशी उडवावी इतकाच. आशाबाईनंही पाहिलं. तिनं तो पाय दोन्ही हातांत धरला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

सोमवार उजाडेपर्यंत लटारूचे डोळे उघडले होते. नळी निघाली होती, आवाज घोगरा होता, पण पेज मागत होता.

आता सरांची लगबग बघण्यासारखी होती. ज्याला प्रेत म्हणून धाडायचा होता तोच माणूस अभ्यासाचा मुकुटमणी झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. समितीचे चौघे जण खाटेभोवती उभे राहिले आणि मोहरील गादीच्या कडेला हात टेकून, आयुष्यात पहिल्यांदाच, सांगायला लागले: किती गंभीर होता, आमची पद्धत कशी, मी स्वतः कसा रात्रंदिवस. दामिनी मागं उभी होती. तिला सरांची लाज वाटली, आणि मग वाटलं, आपण कशाला त्यांच्या वाट्याची लाज वाहायची.

समितीतल्या एका वयस्क बाईंनी लटारूला विचारलं, "बाबा, बेशुद्धीतलं काही आठवतं?"

"बेशुद्ध नोतो मी," लटारू म्हणाला.

मोहरील हसले. "अहो, तीन दिवस तुम्ही..."

"डोये उघडत नोते. हात हालत नोता. पण कान चालू होते." लटारू सावकाश बोलत होता, मधे दम घेत. त्यानं सरांकडे पाहिलं. "आवाज वयखतो मी तुमचा. तुमी म्हणले, प्रेत हाय, घरी धाडा, नाई तं आकडा बिघडते. मी मनात म्हणत होतो, अरे मी हावो ना इथी. पण बोलता काही येत नोतं." त्यानं आशाबाईकडे पाहिलं. "बायको बसली फतकल मारून, म्हणून वाचलो. अन् या बाईनं मशीन चालू ठेवली."

 वयस्क बाईंनी मोहरीलांकडे पाहिलं.

"श्रवणभ्रम," सर म्हणाले. क्षणाचाही वेळ लागला नाही त्यांना. "झोपेच्या औषधांमुळे होतं. रंजक निरीक्षण आहे, नोंदवू आपण."

समितीतल्या तिघांनी माना डोलावल्या. बाहेर जेवण लागलं होतं. वयस्क बाई मात्र जाताना थांबल्या. "झोपेचं औषध किती दिलं होतं?" त्यांनी दामिनीला हळूच विचारलं.

"भ्रम होईल इतकं नव्हतं," दामिनी म्हणाली. बाईंनी मान हलवली आणि त्याही जेवायला गेल्या.

संध्याकाळी मोहरीलांनी दामिनीला पुन्हा बोलावलं. या वेळी बसा म्हणाले. पेपरवेट इकडून तिकडे केला.

"तो... आणखी काय बोलला? म्हणजे, आणखी काय ऐकलं म्हणतो?"

इतक्या वर्षांत सरांनी एखाद्या रुग्णाबद्दल विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. त्यात काळजी होती, फक्त ती रुग्णाची नव्हती. दामिनीला त्यांचा जीव शांत करता आला असता.

"तुम्हीच विचारा ना, सर," ती म्हणाली. "जागा आहे. पेज पिऊन राह्यला."

ते गेले नाहीत. लटारू घरी जाईपर्यंत सरांनी त्या विभागात पाऊल टाकलं नाही. निघायच्या दिवशी मात्र फोटोवाला घेऊन फाटकाशी आले, हात पुढं करून. लटारू काठीवर भार देऊन उभा होता. त्यानं तो हात पाहिला, काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मग दोन्ही हातांनी धरली. आशाबाई म्हणाली, "चाला, गाडी उभी हाय." फोटोत शेवटी सर आणि फलक एवढेच आले.

अभ्यास छापून आला. धोक्याचे घटक: अज्ञान, मांत्रिक, उशिरा दाखल होणे. मृत्यू: शून्य. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एका रुग्णाला झालेल्या श्रवणभ्रमाचा उल्लेख होता. लेखकांत दामिनीचं नाव नव्हतं. तिनंच काढायला लावलं होतं. त्या जागी सरांनी जावयाचं घातलं, तो नागपुरात दातांचा डॉक्टर होता. पुरस्कारही मिळाला. तोवर दामिनी वैनतीर सोडून कुरखेड्याकडच्या एका लहान दवाखान्यात रुजू झाली होती. तिथं व्हेंटिलेटर एकच होता आणि मृत्यू होत असत. ती ते मृत्यू म्हणूनच लिहायची.

पुढच्या रोवणीला हेमराज कामानिमित्त त्या बाजूला आला तेव्हा भेटून गेला. बाप बांधीत उतरतो म्हणाला, पहिल्यासारखाच. आईनं खाट आणली आहे आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून देते.

"अन् झोपते का भाऊ खाटेवर?" दामिनीनं विचारलं.

"झोपते," हेमराज म्हणाला. "रोज कुरकुर करते, मंग झोपते."