डिस्कमधला आवाज

स्वरयंत्र काढावं लागणार हे नक्की झालं, तेव्हा हेमा रडत बसली नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मागच्या खोलीची खिडकी लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत तिने लॅपटॉपवर आपला आवाज भरून ठेवला. पेपरातले उतारे, घरच्यादारच्यांची नावं, रोज तोंडात येणारी वाक्यं. पुढे त्यावरून तिचा फोन तिच्याच आवाजात बोलू शकेल, असं बाई म्हणाल्या होत्या. तोवर फोनमधली कुणी परकी बाई तिच्या वतीने बोलायची. ती ‘रत्नागिरी’ असं काही म्हणायची, की ही जन्मात घाट उतरलेली नाही हे लगेच कळावं.

ऑपरेशन नीट पार पडलं, पण धावपळीत आवाज पुण्याला पाठवायचा राहून गेला. आणि एका सकाळी खाऱ्या हवेने खाल्लेला लॅपटॉप सुरूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने आतली डिस्कही गेल्याचं सांगितलं. उरला तो एकच बॅकअप. आवाज भरून झाल्यावर, दिवाळीत तिच्या नवऱ्याने, यज्ञेशने, अख्खा लॅपटॉप जसाच्या तसा एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवला होता. यज्ञेश आता आंबा काढायच्या गडबडीत बागेत अडकलेला. म्हणून हेमा ती डिस्क रुमालात गुंडाळून रत्नागिरीजवळच्या नाचणे गावी धाकट्या दिराकडे, विनीतकडे आली.

घरातला कॉम्प्युटर विनीतच्या बायकोचा होता. दीपाली दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आंब्याच्या मोहोरावर पीएच.डी. करत होती आणि तिची सगळी निरीक्षणं, सगळे फोटो त्यातच होते. सकाळच्या एसटीने ती तिच्या सरांना भेटायला गेली होती. जाताना ‘खुशाल वापरा’ म्हणाली होती.

विनीतने डिस्क जोडली. मुंबईचा मित्र सागर त्याला कानातल्या इयरफोनवरून एकेक पायरी सांगत होता. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तो निळ्या पडद्यावर. विनीत भराभर ‘पुढे’, ‘पुढे’ करत गेला. शेजारी स्टुलावर बसलेली हेमा मात्र पडद्यावरचं इंग्रजी एकेक शब्द लावत वाचत होती.

एका चौकटीशी ती थबकली. या कॉम्प्युटरची डिस्क फॉरमॅट होईल, तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल, असं तिथे लिहिलं होतं. या कॉम्प्युटरची, म्हणजे दीपालीची. दीपालीने दुसरीकडे कुठे प्रत ठेवली होती की नाही, हेमाला ठाऊक नव्हतं.

तिने विनीतच्या खांद्यावर हात ठेवला. “झालंच, वहिनी,” मान न वळवता तो म्हणाला आणि सागरशी बोलत राहिला. तिने फोन उचलून टाइप करायला घेतलं. घाईत अक्षरं चुकत होती. विनीतने चौकटीत खूण केली आणि माउसचा बाण ‘होय’कडे नेला. हेमाने तोंड उघडलं. गळ्याच्या छिद्रातून नुसता वारा सुटला.

हाताशी एकच गोष्ट होती, तिच्या स्वतःच्या डिस्कची वायर. तिने ती हिसडा देऊन उपटली. डिस्क टेबलावरून घसरली आणि खाडकन फरशीवर आपटली.

“वहिनी, काय केलंत हे?” विनीत उठून उभा राहिला. “तुमचाच आवाज होता ना त्यात?”

तिने फोन त्याच्यापुढे धरला. ‘दीपालीचं सगळं पुसलं जाईल. वाच.’

बॅकअप सापडत नसल्याचा संदेश पडद्यावर आला होता. विनीत एक पान मागे गेला आणि त्याने ती चौकट वाचली. मग पुन्हा वाचली. कानातला इयरफोन काढून तो खुर्चीत बसला.

त्याने कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू केला. पडद्यावर दीपालीचा मोहोराचा फोटो आला तेव्हा कुठे हेमाने भिंतीला पाठ टेकली. तिच्या डिस्कची मात्र काही खात्री नव्हती. विनीतने सागरला नीट विचारलं, तेव्हा कळलं की अख्खा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवायची गरजच नव्हती. तो आहे तसा उघडून हवं तेवढंच उचलता येत होतं.

डिस्क जोडली तर नुसती टकटक. काढून पुन्हा जोडली. दिवा लागला, विझला, लागला. शेवटी बॅकअप उघडला. हेमाच्या नावाच्या फोल्डरला आधी परवानगी नाकारली गेली, मग मिळाली, आणि फाइल्स एकेक करून उतरू लागल्या. मध्येच काम अडायचं. पडद्यावर यायचं, ‘ही फाइल वाचता येत नाही, वगळू का?’ विनीत तिच्याकडे बघायचा, ती मान डोलवायची. काय गेलं ते विचारायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. थांबलं तर उरलेलंही जाईल, या धास्तीने दोघांनी चहासुद्धा केला नाही.

बरंचसं आलं, सगळं नाही. पुण्याच्या बाईंना तेवढं पुरेल का, ते त्याच सांगणार होत्या.

तेवढ्यात दीपालीचा फोन आला. ती परतीच्या गाडीत बसली होती. विनीतने काही न लपवता सगळं सांगितलं, वहिनींनी काय केलं तेही. पलीकडून “वहिनींना दे,” एवढंच ऐकू आलं.

हेमाने तो फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ ठेवला. माउस घेऊन ती फायलींच्या नावांवरून खाली खाली गेली आणि तिने एक उघडली.

“पोचलीस की फोन कर गो,” तिचा आवाज खोलीभर झाला. जरा घाईचा, जरा दटावणारा.

विनीतने तोंड फिरवलं. फोनमधून एसटीची घरघर येत राहिली.

“करते वहिनी,” दीपाली म्हणाली.