बसवून आणलेला खांदा

मी एक जुना प्रोब आहे. सोनोग्राफीच्या मशीनला वायरने लटकलेला, मुठीत मावणारा जो तुकडा डॉक्टर तुमच्या अंगावर फिरवतात, तो मी. मित्रांनो, तुम्ही मला फारसे आवडत नाही. का, ते ऐका.

दूरच्या कारखान्यात मला हातमोजे घालून घडवलं. दिंडोशीच्या या दवाखान्यात आलो त्या दिवशी मशीनला हार घातला, पेढे वाटले, आणि माझं कौतुक तिथेच संपलं. आता माझ्या वायरवरून स्टुलाची चाकं जातात. अंगावरचा जेल कोणी धड पुसत नाही. आणि खांदा दाखवायला आलेला प्रत्येक जण विचारतो, "सोनोग्राफी? ती तर पोटाची असते ना?" माझं डोकंच फिरतं.

सगळ्यात जास्त राग मात्र मला मार्तंडकाकांचा आहे. हे मुलींच्या दहीहंडी पथकाचे प्रशिक्षक. त्यांच्या पथकातली सुलक्षणा खालून दुसऱ्या थरात उभी राहते. सरावात तिचा उजवा खांदा निखळतो. मग काका काय करतात? जागच्या जागी हात ओढून खांदा बसवतात, वर तेल चोळतात आणि मगच तिला माझ्याकडे आणतात. ताकाला जाऊन भांडं लपवायचं! बसवलेला खांदा, मांडीवर निवांत ठेवलेला हात; त्यात मला काय दिसणार, कपाळ? डॉक्टर देवदत्त त्या तेलकट खांद्यावरून मला घाईघाईने फिरवायचे आणि 'नॉर्मल' लिहून मोकळे व्हायचे.

"बघ, काय पण नाय झालंय. नाटकं करते नुसती," काका म्हणायचे.

सुलक्षणा मान खाली घालायची. खांदा तिचा, दुखणं तिचं, आणि खोटारडीही तीच!

गेल्या आठवड्यात खुर्चीत नवीन डॉक्टर होत्या, मानसी. काकांबरोबर त्यांची नात प्रांजलही आली होती. पथकात सर्वांत वर चढते ती हीच.

"थरात शेजारणीच्या खांद्यावर हात टाकतेस ना? तसाच हळूहळू वर आण," डॉक्टर मानसी म्हणाल्या आणि मला खांद्यावर धरून ठेवलं. "भीती वाटली की थांब."

हात वर आला. हाडाचा गोल माथा खोबणीतून पुढे सरकू लागला. सुलक्षणाचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांनी तिचा हात लगेच अलगद खाली आणला.

"सांधा सैल झालाय. थर बंद. आत किती फाटलंय ते एमआरआयमध्ये बघू, मग व्यायाम की ऑपरेशन ते ठरेल."

"अहो मॅडम, दहीहंडी परवावर आलीय!" काका उसळले. "तुमचं मशीनच डबडं आहे. एवढी हंडी होऊ दे, मग बघू."

डबडं! चोर सोडून संन्याशाला फाशी. मला दात असते तर मी चावलोच असतो.

पण या वेळी सुलक्षणाने मान वर केली. "मशीन डबडं ना, काका? मग चढवा प्रांजलला. आत्ता. माझ्या ह्याच खांद्यावर."

काकांनी नातीचा हात घट्ट धरला. तिला काही पुढे जाऊ दिलं नाही.

मित्रांनो, ज्या खांद्यावर आपलं लेकरू उभं करवत नाही, त्याला नॉर्मल म्हणू नका. आणि जाताना माझ्या अंगावरचं तेल पुसून जा.