मैनेचं डोकं मांडीवर

विनिताचं काम धरून ठेवण्याचं होतं. वसईत पापडीच्या रस्त्यावर डॉक्टर मार्सेल यांचा जनावरांचा दवाखाना होता. तिथे आलेलं कुत्रं, मांजर, शेळी, कधी एखादं वासरू टेबलावर नीट आडवं करायचं, पाय हवे तसे ताणून मऊ पट्टीने बांधायचे, पाठ कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायच्या आणि डॉक्टरांचं आटपेपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही. एक्सरे काढायचा असला की ती शिशाचा जड एप्रन चढवी, जाड हातमोजे घाली, आणि जनावराच्या कानाशी काहीबाही बोलत राही. काय बोलते ते डॉक्टरांनी कधी विचारलं नाही.

हे काम तिला अचानक मिळालं होतं. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर आचोळ्याला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आली, आणि पुरती तीन वर्षंही झाली नव्हती तोच तो काविळीने गेला. सासरचे कणकवलीला, माहेरी भावाचा संसार. दोन्हीकडून बोलावणं आलं, पण त्या बोलावण्यात फारसा जीव नव्हता हे तिला कळलं आणि ती आचोळ्यालाच राहिली. एकदा रिक्षाखाली आलेलं रस्त्यावरचं कुत्रं घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. त्या दिवशी त्यांचा मदतनीस आला नव्हता. डॉक्टर म्हणाले, धरा. तिने धरलं. काम झाल्यावर हात धुता धुता डॉक्टरांनी विचारलं, उद्या येता का? ती गेली आणि पुढेही जात राहिली.

दिवसभर तिच्या हाताखाली कुणाचं ना कुणाचं ऊबदार अंग असे. संध्याकाळी ती घरी येई. इमारतीतल्या बायका चांगल्या होत्या. जिन्यात भेटल्या की विचारपूस करत, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिचं दार सोडून पुढच्या दारावर टकटक होई. त्याचं तिला आता काही वाटत नसे, किंवा वाटत नाही असं ती धरून चाले. जेवण उरकलं की हातांना काही कामच नसे. मग ती निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेई.

प्लासिड पहिल्यांदा आला तो पावसाळा सरल्यावर. साठीचा, काटक, अंगात धुवट सदरा. त्याच्यामागे एक तांबूस घोडी होती. वसईत टांगे होते तेव्हा तो टांगा चालवायचा. रिक्षा आल्या, टांगे गेले, बाकीच्यांनी घोडे विकले. प्लासिडने मैना विकली नाही. वाडीतलं शेणखत आणि केळीचे घड हातगाडीएवढ्या छोट्या गाडीतून ओढण्यापुरतं काम तो तिला देई, आणि उरलेल्या वेळात तिला फिरवून आणी.

मैनेच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लालसर मांस वाढलं होतं. डॉक्टरांनी पापणी उलटून बराच वेळ पाहिलं. मग ते प्लासिडशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलले. दोघे एकाच चर्चचे. विनिताला सगळं समजलं नाही, पण डोळा काढावा लागेल एवढं समजलं. कारण प्लासिडने घोडीच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तिथून काढलाच नाही.

घोडी टेबलावर मावणार नव्हती. ऑपरेशन डॉक्टरांच्या घरामागच्या वाडीत, नारळाखालच्या गवतावर करायचं ठरलं. सकाळी लवकर विनिताने तिथे गाद्या आणि पेंढा भरलेली पोती आणून ठेवली. डॉक्टरांनी शिरेतून भुलीचं औषध दिलं. मैनेचे गुडघे लुळे पडले, तशी तिघांनी तिला टेकू देत देत डाव्या कुशीवर निजवलं.

मग विनिताचं काम सुरू झालं. तोंडावरची म्होरकी तिने आधी सोडवली, कारण इतक्या जड डोक्याखाली म्होरकीची कडी राहिली तर गालाची शीर दबते आणि जनावराचं तोंड वाकडं राहतं. खालचा पुढचा पाय तिने पुढे ओढून घेतला, म्हणजे सगळ्या अंगाचा भार त्याच्या दंडावर येणार नाही. वरच्या पायांखाली पोती सरकवली. खालच्या डोळ्यात मलम घालून त्यावर मऊ फडकं लावलं. शेवटी ती गादीवर मांडी घालून बसली आणि मैनेचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

ते डोकं किती जड असेल याची तिला कल्पना नव्हती. थोड्याच वेळात तिच्या पायांना मुंग्या आल्या. पण हललं तर डॉक्टरांचा हात हलेल म्हणून ती तशीच बसून राहिली. जबड्याखालच्या शिरेवर तिची बोटं होती. ठोके संथ लागत होते, आणि मैनेचा श्वास तिच्या मनगटावर येत होता, गवताच्या वासाचा. प्लासिडला डॉक्टरांनी लांब विहिरीपाशी थांबायला सांगितलं होतं. तो तिथे पाठ करून उभा होता.

मध्येच मैनेचा कान हलला, मग पाय. डॉक्टरांनी चटकन आणखी औषध दिलं. ते लागू होईपर्यंत विनिता घोडीच्या मानेवर वाकून दोन्ही हातांनी तिला दाबून राहिली. नेहमीसारखी बोलत राहिली. पोरी, झालंच आता, मी आहे ना, कुठे जात नाही मी. तिचा आवाज विहिरीपर्यंत गेला असावा, कारण प्लासिड वळून तिच्याकडे बघत होता.

डोळा निघाला. टाके घालून झाले. आता घोडी शुद्धीवर येताना घाईने उठून पडणार नाही हे बघायचं होतं. डॉक्टरांनी प्लासिडला जवळ बोलावलं. मैनेच्या उरलेल्या डोळ्यावर फडकं टाकून विनिता आणि तो तिच्या मानेपाशी बसले. तो तिच्या आयाळीतून बोटं फिरवत होता.

बऱ्याच वेळाने तो विनिताला म्हणाला, "बायको गेली, आग्नेस, तेव्हापासून घरात मी हिच्याशीच बोलतो. माणसांना वाटतं, म्हातारा खुळा झाला."

"मी पण जनावरांशीच बोलते, काका," विनिता म्हणाली. "मला त्याचा पगार तरी मिळतो."

तो हसला. मैना एकदा डगमगली, दुसऱ्यांदा उठली ती उभीच राहिली.

जखमेची पट्टी रोज बदलायची होती. घोडीला रोज रस्त्याने आणण्यापेक्षा विनिताच दवाखाना सुटल्यावर प्लासिडच्या घरी जाऊ लागली. केळीच्या बागेतून जाणारी वाट, टोकाला कौलारू घर, त्याला लागून मैनेचा गोठा. पट्टी बांधताना प्लासिड घोडीचं तोंड धरी. पहिल्या दिवसापासून मैना विनिताच्या हाताला बुजली नाही. पट्टी झाली की प्लासिड दुधाशिवायचा आल्याचा चहा करी. दोघं ओट्यावर बसत. बोलणं फारसं होत नसे. तो कधी टांग्याच्या दिवसांतलं काही सांगे, कुणाच्या तरी लग्नाच्या रात्री वरात उतरवून मैना एकटीच घरी कशी आली, ते. कधी आग्नेसबद्दल, तिचा आवाज कसा चर्चमधल्या गाण्यात सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. विनिता ऐके. स्वतःचं तिने काही सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

जखम भरली. पट्टीची गरज उरली नाही. तरी विनिता रविवारी जात राहिली. मैनेला गुळाचा खडा नेते, असं ती स्वतःला सांगे. नाताळ गेला, उन्हाळा आला. तिच्या लक्षात आलं, की आठवड्यातले बाकीचे दिवस आपण रविवाराकडे तोंड करून काढतो.

पाऊस पडू लागल्यावर मैनेच्या नाकातून रक्त यायला लागलं. भरून आलेल्या डोळ्याच्या खोबणीवर सूज दिसत होती. डॉक्टर एक्सरेचं हलवता येणारं यंत्र घेऊन प्लासिडच्या अंगणात आले. फिल्मची पेटी लांब दांड्याला लावून मैनेच्या गालाशी टेकवायची होती, आणि घोडी उभी असताना तिचं डोकं स्थिर ठेवायचं होतं. दुसरा एप्रन प्लासिडने मागून घेतला. डोकं त्याने धरलं, दांडा विनिताने. मैना थकली होती. तिने कपाळ प्लासिडच्या छातीला टेकवलं आणि हललीच नाही.

फिल्म धुऊन आली तेव्हा डॉक्टरांनी ती दवाखान्यातल्या उजेडाच्या पेटीवर लावली. हाड पोखरलं होतं. प्लासिडला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने एवढंच विचारलं, की दुखतंय का तिला. डॉक्टर म्हणाले, दुखतंय, आणि आता जास्त दुखेल. प्लासिडने मान हलवली. मग विनिताकडे वळून म्हणाला, "बाय, डोकं तू धर. तिला तुझा हात ठाऊक आहे. मी धरलं तर मी सोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, केळीमागच्या मोकळ्या जागेत, विनिता ओल्या मातीत मांडी घालून बसली. या वेळी खालचा पाय पुढे ओढायची गरज नव्हती, तरी तिने ओढला. म्होरकीही सोडवली. मैनेचं डोकं मांडीवर घेऊन ती नेहमीचं बोलत राहिली. डॉक्टरांनी शिरेत शेवटचं औषध दिलं. जबड्याखालचे ठोके विरळ झाले, थांबले. बोटं काढायला तिला वेळ लागला. प्लासिड आज पाठ करून उभा नव्हता. तो शेजारीच बसून घोडीच्या पोटावर हात ठेवून होता.

पुढच्या रविवारी ती गेली. गोठा धुऊन काढलेला होता. प्लासिड ओट्यावर बसला होता, पण त्याने चहाचं विचारलं नाही. ती उभीच राहिली. तो म्हणाला, "राग मानू नकोस, बाय. तू वाटेवर दिसलीस की मला वाटतं, पट्टी बदलायची वेळ झाली. तू काही दिवस येऊ नकोस."

तिने बरं म्हटलं. पर्समध्ये सवयीने घेतलेला गूळ होता. तो तिने बसमध्ये खाल्ला. घरी येऊन दार लावल्यावर ती बराच वेळ दिवा न लावता खाटेवर बसून होती. नवरा गेला तेव्हा लोक आले होते, रडायला जागा होती. या वेळी काय गेलं, ते सांगायलाही शब्द नव्हता. घोडी दुसऱ्याची, माणूस दुसऱ्याचा.

पावसाळा तसाच गेला. दवाखान्यात तिचं काम चालू होतं. रविवारी ती फ्लॅटची लादी पुसायची, मग खिडकीत बसायची. तुळिंजच्या बाजाराकडे जाणाऱ्या बायका खालून जात. तिला वाटायचं, कुणी वर बघावं.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात ती एक्सरेच्या खोलीत होती. दार बंद, बाहेर लाल दिवा. टेबलावर एका बाईचं मांजर होतं, मागचा पाय मोडलेलं, भुलीशिवायच धरावं लागत होतं. विनिताने एका हाताने मानेची कातडी आणि दुसऱ्याने पाय धरला होता. तेवढ्यात बाहेरच्या बाकापाशी तिला प्लासिडचा आवाज ऐकू आला. तो कुणाला तरी तिच्याबद्दल विचारत होता. तिला हाक मारावीशी वाटली, पण हाताखालचं मांजर आधीच गुरगुरत होतं. पहिली फिल्म हलली. डॉक्टर दुसरी लावेपर्यंत तिने मांजराला सोडलं नाही. बाहेर चपला वाजल्या. नंतर काही ऐकू आलं नाही.

एप्रन काढून ती फाटकापर्यंत धावली. रस्त्यावर कुणी नव्हतं. बाकावर एक पितळी थाळी होती, फडक्याने झाकलेली. आत नाताळच्या करंज्या. बाकावरच्या मांजरवाल्या बाईने सांगितलं, की ते काका थोडा वेळ बसले होते, मग थाळी तुम्हाला द्यायला सांगून गेले. आणखी काही म्हणाले नाहीत.

करंज्या तिने डॉक्टरांना दिल्या, इमारतीतल्या मुलांना दिल्या, दोन स्वतः खाल्ल्या. थाळी घासून ओट्यावर पालथी ठेवली. रिकामी थाळी परत करायची नसते. काय भरावं यावर तिने काही दिवस विचार केला. मग एका रविवारी तिने नारळाच्या वड्या थापल्या आणि ती निघाली.

प्लासिड अंगणात सुकी पानं गोळा करत होता. तिला बघून त्याने झाडू भिंतीला टेकवला. थाळी घेऊन आत नेली, चहाची दोन भांडी बाहेर आणली. गोठ्यात आता सरपण रचलेलं होतं. दोघं ओट्यावर बसले. मैनेचं नाव कुणी काढलं नाही. चर्चची घंटा झाली तेव्हा त्याने छातीवर क्रुसाची खूण केली आणि थोडा वेळ डोळे मिटले.

मग त्याने विचारलं, "तुझ्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

विनिताने चहाचं भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. कागदांवर ती लिहायची, तोंडाने कधी म्हणायची वेळ आली नव्हती.

"जितेश," ती म्हणाली. मग, स्वतःलाच ऐकू यावं म्हणून, पुन्हा एकदा म्हणाली.

प्लासिडने मान हलवली आणि तिच्या भांड्यात आणखी थोडा चहा ओतला.