सात एकांची संख्या

सगुणाबाई मिरजोळ्याच्या शाळेत गणित शिकवायच्या, पण पाचवी-सहावीलाच. दहावीचं गणित मिळावं म्हणून त्या केव्हापासून हेडसरांच्या मागे लागल्या होत्या. शेवटी चौऱ्याऐंशीच्या मेमध्ये हेडसर म्हणाले, "रत्नागिरीच्या शिक्षक शिबिरात शाळेतर्फे काहीतरी दणकेबाज मांडा. मग दहावी तुमची."

बाईंनी सात एक ओळीने लिहिले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही मूळ संख्या आहे, हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, असा त्यांचा कयास होता. नुसत्या कयासावर बोलतील त्या बाई कसल्या! एक हजार चोपन्नपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं; जायचा असेल तर भाग तेवढ्यात जातोच. त्या मूळ संख्या शोधायला खळ्यात वाळत घातलेल्या काजूबिया कामी आल्या. बाईंनी दहा-दहाच्या ओळी लावल्या, एक बी म्हणजे एक संख्या. मग दोन ठेवून दोनाच्या पटीतल्या उचलल्या, तीन ठेवून तिनाच्या, अशा पुढे. उरल्या त्या मूळ. त्या प्रत्येकीने त्यांनी भागलं. पाठ मोडून आली, पण भाग कुठेच गेला नाही. हेडसरांनी लगेच फलक रंगवून घेतला.

शिबिराच्या दिवशी सकाळी सासूबाई, आनंदीबाई, खळ्याच्या कडेला बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, "अगो सगुणा, तुझ्या ओळींतली एक बी मी मागेच काढून टाकलीय हां. किडकी व्हती. चांगल्यांत कशाला ठेवायची?"

ती बी मूळ संख्येची असली, तर तिने भागायचं राहूनच गेलं होतं. दिसली किडकी बी की उचल, ही सवय सासूबाईंना जन्माची. त्यांना बोलून काय उपयोग?

"कुठली, आई?"

"ता काय ध्यानात ऱ्हाता गो?"

बाईंनी पदर खोचला आणि एकेक रिकामी जागा पहिल्यापासून तपासायला घेतली. ही कुणाच्या पटीत बसते? बसते. पुढची? जेवायला हाका आल्या, त्यांनी कानाआड केल्या. दोनशे एकोणचाळीसच्या जागेवर मात्र त्या अडल्या. ती संख्या कुणाच्याच पटीत बसेना. त्यांनी तिथेच खडूने भागाकार मांडला. चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य. पुन्हा मांडला, तरी शून्यच.

त्यांना रडू फुटलं. मग स्वतःचाच असा संताप आला, की डोळे पुसून त्यांनी तडक दुपारची एसटी गाठली.

शिबिरात हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना बाजूला नेलं. "बाई, पाहुणे येऊन बसलेत. दहावीचं लक्षात आहे ना? अहो, इथे कोण बसलंय भागून बघायला?"

"मी बसले होते, सर," बाई म्हणाल्या. त्या फलकापाशी गेल्या, सगळ्यांदेखत 'मूळ' या शब्दावर काट मारली आणि खाली खडूने लिहायला लागल्या: दोनशे एकोणचाळीस गुणिले...