एकाच कॅनमधलं दूध

थोरलीची म्हैस वेळेला सात लिटर द्यायची, धाकटीची जेमतेम पाच. पण नाव मात्र धाकट्या जावेचं! का, तर ती म्हशीला गोंजारत, गुणगुणत धार काढायची आणि तिचा नवरा त्याचा व्हिडिओ फोनवर टाकायचा. कुठली कुठली माणसं खाली लिहायची, 'ताई, काय हात आहे तुमचा!'

"वीस वर्षं शेणात हात आहेत माझे," थोरली नवऱ्यावर फणकारली. "मला कुणी विचारलं?"

"मग तूही काढ की व्हिडिओ," पेंड भिजवता भिजवता तो म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी 'गावची लेक' असं खोटं नाव घेऊन तिनं धाकटीच्या व्हिडिओखाली लिहिलं, 'या बाईच्या दुधात पाणी असतं. डोळ्यांनी पाहिलंय.'

गंजीला एक काडी पुरते. चार दिवसांत गाव उभं चिरलं. अर्धे म्हणत पाणी आहे, अर्धे म्हणत नाही. ज्यांच्या घरी यांच्या दुधाचा थेंब जात नव्हता, तेच जास्त तावातावानं भांडत. न्हावी दुसऱ्या बाजूचा निघाला म्हणून सुतार अर्धी दाढी तशीच घेऊन उठून गेला.

पाचव्या दिवशी सकाळी डेअरीवाल्यानं कॅन परत केला.

"बोभाटा धाकटीचा झालाय," थोरली तडकली. "माझं दूध का नको?"

"वहिनी, दोघींचं एकाच कॅनमध्ये ओतता तुम्ही. निवडून कसं घेऊ? मशीन सांगतं दूध चोख आहे, पण लोकांना कोण सांगणार?"

थोरली कॅन घेऊन घरी आली, तर धाकटी डोळे पुसत फोनपुढे बोलत होती, "मला काय म्हणायचं ते म्हणा. पण माझ्या जाऊबाईंनी दुधात कधी थेंबभर पाणी घातलं नाही. त्यांच्यावर आळ नको."

थोरलीला भरून आलं, लाजही वाटली. संध्याकाळी गोठ्यात जाऊन तिनं फोन उघडला. लिहिलेलं पुसून टाकायचं, बस.

बोट टेकवणार तोच आकडा दिसला. तिच्या त्या एका ओळीला नऊशे अंगठे! 'ताई, खरं बोललात.' 'तुमच्यासारख्या बायका पाहिजेत.' धाकटीची मजल सातशेच्या वर कधी गेली नव्हती.

तिनं आकडा पुन्हा वाचला. मग फोन कमरेला खोचला आणि धार काढायला बसली. मोजून सात लिटर निघालं. ओतायला गेली, तर सकाळचा कॅन अजून भरलेलाच होता.