एका घराला एकच पंखा

मी टेबलफॅन. दुकानातून विकत आणलेला नव्हे हं, सुई टोचून घेतल्याबद्दल मिळालेला! बसा जरा समोर. माझी घरघर ऐकून कंटाळाल कदाचित, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

साथ आली तेव्हा लस होती, पण घ्यायला कुणी फिरकत नव्हतं. अफवांना नुसता ऊत आला होता. मग वरून हुकूम सुटला, लस घेईल त्याच्या घरी पंखा द्या. आम्ही खोकी भरभरून लसकेंद्रात येऊन पडलो आणि दाराशी ही लांब रांग लागली! काल सुईचं नाव काढलं तरी ज्यांना घाम फुटत होता, ते आज बाह्या वर करून हजर. मला माणसांची मोठी गंमत वाटली. तेव्हा वाटली.

त्या रांगेत एक इस्त्रीवाली होती. घरातच लोकांचे कपडे इस्त्री करायची, उकाड्याने तिचा जीव नकोसा व्हायचा. मला कडेवर घेऊन ती हसत घरी आली. नवरा रंगारी, भलता थट्टेखोर. तीन मजली शिडीवर शीळ घालत चढणारा हा गडी सुईला मात्र भ्यायचा.

"अहो, उद्या तुम्हीही जाऊन या," ती म्हणाली.

"एका घराला एकच पंखा ना? मग तो आलाय की! आता मी कशाला फुकट हात टोचून घेऊ?"

तीही हसली. तिलाही ते पटलं, हेच माझ्या मनाला खातं. सुई पंख्यासाठी टोचतात, असं आम्हीच त्यांना शिकवलं होतं. मी आपला गरगर फिरत राहिलो. मला बोलता कुठं येत होतं!

पुढे दोघंही तापाने आडवी झाली. ती लवकर सावरली. त्याला मात्र धाप लागली. हॉस्पिटलात एकही खाट रिकामी नव्हती, म्हणून त्याला व्हरांड्यातल्या बाकावर झोपवलं. "गुदमरतंय गं," तो म्हणाला, तशी ती धावत घरी आली आणि मलाच उचलून घेऊन गेली.

"बाई, पंख्याने ऑक्सिजन मिळत नाही हो," सिस्टर म्हणाली. पण वायर ओढून तिनेच मला सुरू केलं.

शेजारच्या बाकावर आईला धरून बसलेला एक माणूस भडकला. "पंखे वाटत सुटले लेकाचे! त्या पैशांत खाटा आल्या नसत्या?"

"आल्या असत्या," सिस्टर म्हणाली. "पण पंखे यायच्या आधी मी लसकेंद्रावर माशा मारत बसले होते, दादा. ती रांग लागली नसती तर आज तुम्हाला हा बाकसुद्धा मिळाला नसता. आणि खाटा आणल्या तरी त्यांच्याजवळ उभं कोण राहणार? मी एकटी?"

दोघांचंही खरं होतं. त्या दोन खऱ्यांच्या मध्ये रंगारी पडून होता. मी जीव तोडून फिरलो. वारा त्याच्या ओठांपर्यंत जायचा, आत काही शिरायचा नाही. दुपारी त्याची छाती थांबली. मला कुणी बंदच केलं नाही. माझ्या वाऱ्याने त्याचे केस उडत होते, म्हणून ती कितीतरी वेळ म्हणत राहिली, "हलतायत बघा... हलतायत ते!"

देवा, तेवढ्यापुरता तरी मी बिघडलो असतो तर!

आता मी पुन्हा घरी आहे. तिने मला त्याच्या पलंगासमोर ठेवलंय. माझी मान फिरू नये म्हणून मागची खुंटी वर ओढून ठेवलीय. दिवसभर मी रिकाम्या गादीवर वारा घालतो. चादरीचा कोपरा उडाला की ती इस्त्री धरून तशीच थबकते आणि हळूच विचारते, "लागतोय ना वारा?" खरं सांगतो, अशा वेळी समोर कुणीतरी गुदमरतंय असं मलाही वाटतं, आणि मी घाबरून आणखी जोरात फिरतो.

इकडे ती घामाने नुसती निथळत असते. सुई तिला लागू पडली, ती वाचली, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. तुम्ही कपडे टाकायला तिच्याकडे जाल ना, तेव्हा एवढं करा. तिला न विचारता माझं तोंड तिच्याकडे वळवा.