पावणेसहाचा उंचवटा

विद्याधर साठ्यांचं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं आणि ते तिथून हलायला तयार नव्हतं. शुभदाताईंनी वर्षभर सगळे उपाय करून पाहिले. भाताची वाटी लहान झाली, तुपाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर गेली आणि आठवड्यातून चार रात्री पानात दुधी येऊ लागला. कधी कोरडा, कधी रस्सा, कधी किसून थालीपिठात लपवलेला. पण रविवारी सकाळी काट्यावर उभं राहिलं की आकडा तोच.

"हे शक्यच नाही," शुभदाताई म्हणायच्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई त्या. उत्तर चुकतंय म्हणजे मधली एखादी पायरी गाळली आहे, एवढं त्यांना कळत होतं.

विद्याधररावांकडे खुलासा तयार असे. सरकारी कारखान्यात रडारची तबकडी फिरवणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी हयात घालवली होती. "शरीर म्हणजे काय, नियंत्रण यंत्रणाच. मेंदूत एक आकडा पक्का बसलेला असतो. तू खाणं कमी केलंस की मेंदू चरबी जाळणं कमी करतो. माझा आकडा चौऱ्याऐंशी आहे. त्यात माझा काय दोष?"

हे त्यांनी कुठेकुठे वाचलेलं होतं आणि अगदीच खोटंही नव्हतं. फक्त त्यात एक तपशील राहून जाई. रोज संध्याकाळी साडेपाचला ते शेजारच्या शेषगिरींबरोबर फिरायला निघत आणि ते फिरणं पंधरा मिनिटांनी राजाजीनगरातल्या एका दर्शिनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, संपत असे. तिथे पावणेसहाला उडीदवड्यांचा ताजा घाणा निघे. दोन वडे, वर वाटीभर सांबार, शेवटी कॉफी. मग रुमालाने मिशी पुसून, घाम आल्यासारखं तोंड करून घरी.

एके दिवशी त्यांच्या वाचनात आलं, की शहरातल्या एका संशोधन संस्थेला साठीच्या आसपासची माणसं हवी आहेत. पोट आणि आतडी रक्तात जी संप्रेरकं सोडतात, त्यावरून मेंदू चरबी जाळायची की साठवायची हे कसं ठरवतो, याचा अभ्यास चालला होता. विद्याधररावांनी त्याच दिवशी नाव दिलं. आपण निर्दोष असल्याचा दाखला आता संस्थेच्या शिक्क्यानिशी मिळणार, या विचाराने त्या रात्रीचा दुधीही त्यांना बरा लागला.

अभ्यास डॉ. आश्लेषा करत होती. तिशीतली मुलगी, तिचं मराठी घराणं तीनशे वर्षांपासून या कन्नड मुलखातलं, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड साखरेसारखी विरघळलेली. "अण्णा, स्वल्प हात सैल सोडा," म्हणत तिने त्यांच्या शिरेत नळी बसवली. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत फक्त पाणी प्यायचं. खोलीत खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही, फोन बाहेर कपाटात. दर पाव तासाने थोडं रक्त काढायचं आणि कागदावरच्या रेघेवर आपली भूक शून्य ते दहामध्ये किती, त्याची खूण करायची.

"या रेघेला बारीक भाग पाडलेले नाहीत," विद्याधरराव म्हणाले. "मोजमाप ढोबळ येईल."

"येऊ दे अण्णा. तुम्हाला जे वाटेल ते करा."

त्यांना वाटलं, की आपण संयमी दिसावं. म्हणून दिवसभर त्यांनी दोनवरच खूण केली. पोटातून गुरगुर इतकी मोठी झाली, की रक्त काढणाऱ्या मुलीने एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं, तेव्हाही दोन. आधी भरून दिलेल्या प्रश्नावलीत त्यांनी 'संध्याकाळचे खाणे' या ओळीपुढे 'काही नाही, फक्त चालणे' असं लिहिलं होतं. त्याची त्यांना मुळीच काळजी नव्हती. कालपरवाचा वडा आजच्या रक्तात सापडायला तो काय अजून तिथे बसलेला असतो?

तीन आठवड्यांनी निकाल समजावून सांगायला बोलावणं आलं. शुभदाताई म्हणाल्या, "मीही येते."

"ये की! तूच ऐकायला हवंस."

आश्लेषाने दोघांना खुर्च्या दिल्या. मग जरा घुटमळून म्हणाली, "अण्णा, हे तुमचं खासगी. अक्कांच्या समोर सांगितलं तर सरी ना? चालेल ना?"

"आमच्यात लपवालपवी नाही," विद्याधरराव छाती पुढे काढून म्हणाले.

तिने पडद्यावर आलेख लावला. "जठर रिकामं झालं की एक संप्रेरक सोडतं. घ्रेलिन त्याचं नाव. ते मेंदूला जाऊन सांगतं, खायला आणा, आणि येईपर्यंत चरबी जपून वापरा. जेवलं की आतडी दुसरी संप्रेरकं पाठवतात, की आता पुरे. मेंदू दोघांचं ऐकतो आणि मज्जातंतूंमधून चरबीला हुकूम देतो. पण गंमत अशी, की जठराला घड्याळ लागत नाही. रोज ज्या वेळेला खातो ती वेळ ते शिकून ठेवतं आणि खाणं यायच्या आधीच घ्रेलिन सोडतं. हे बघा, साडेआठ. तुमचा नाश्ता. आणि हे साडेबारा."

"मी तर एकला जेवतो."

"हे साडेबाराला जेवतात कारखान्यात," शुभदाताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "म्हणजे जेवायचे. निवृत्तीला महिनाच झालाय फक्त."

"बरोबर! पोटाला अजून कळलेलं नाही," आश्लेषा खूश होऊन म्हणाली. "आणि हा सगळ्यात उंच. पावणेसहा. अण्णा, ही तुमची मोठ्या जेवणाची वेळ का? कागदात काही लिहिलेलं नाही तुम्ही."

खोलीत वातानुकूलन होतं, तरी विद्याधररावांच्या मानेवर घाम आला. आलेखावर तो उंचवटा नंदी टेकडीसारखा उभा होता.

"त्या वेळेला मी चालत असतो," ते म्हणाले. "व्यायामाने वाढत असेल."

"नाही अण्णा. त्या दिवशी तर तुम्ही चाललाच नाहीत, आणि जोरात चाललं तर उलट स्वल्प उतरतं ते."

शुभदाताईंनी पर्समधून चष्मा काढला आणि खुर्ची पुढे ओढली. वर्गात फळ्याजवळ बोलावलेल्या मुलाला जो आवाज लागायचा, तोच आवाज आता लागला. "डॉक्टर, असा उंचवटा यायला किती दिवस त्याच वेळेला खावं लागतं?"

"दोनेक आठवडे तरी. नेमाने."

"आणि मध्ये एखाद-दोन दिवसच खाल्लं, तर इतका उंच येईल?"

"इतका? कठीण आहे अक्का." एवढं बोलल्यावर आपण काय उघड केलं, ते आश्लेषाच्या लक्षात आलं. पण उशीर झाला होता.

"काय खाता?" शुभदाताईंनी विचारलं.

"उडीदवडा."

"किती?"

"दोन."

"रविवारी?"

"रविवारी... केसरी भात पण. म्हणजे तुपातला शिरा."

शुभदाताईंनी चष्मा काढून त्याची घडी केली. वर्षभर गाळलेली पायरी अखेर सापडली होती आणि चेहऱ्यावर रागापेक्षा समाधानच जास्त होतं. विद्याधररावांना ते रागापेक्षा भयंकर वाटलं.

आश्लेषाने घाईघाईने पुढचा आलेख लावला. "पण अण्णांचं म्हणणंही पूर्ण चूक नाही. यांचं घ्रेलिन दिवसभरच चढं आहे. खूप दिवस खाणं फार तोडलं की असं होतं. जठर जास्त ओरडतं, आणि मेंदू घाबरून चरबी धरून ठेवतो. रात्री काय जेवता अण्णा?"

"दुधी," विद्याधरराव म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी बारा महिने ओतले.

आश्लेषाने शुभदाताईंकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या बोटांकडे. "तो स्वल्प कमी करा अक्का."

दोघं रिक्षाने घरी निघाले. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा शुभदाताई म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी रांधत होते आणि तुम्ही भरपाई करत होतात."

"भूक लागायची गं. खरंच लागायची."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर दुधी वाढला असता."

  घरी पोचल्यावर शुभदाताईंनी चिरायला काढून ठेवलेला दुधी उचलून शेजारी शेषगिरींच्या बायकोला, पद्मावतीबाईंना, देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला विद्याधरराव दारात चपला शोधत होते, तेवढ्यात शुभदाताई साडीखाली बूट घालून बाहेर आल्या. "चला."

"कुठे?"

"फिरायला. पावणेसहाला पोचायचंय ना?"

शेषगिरी आधीच दर्शिनीत पोचले होते. शुभदाताईंना बघताच त्यांनी ताटली पाठीमागे लपवली, त्यामुळे सांबार त्यांच्या सदऱ्यावरून खाली ओघळलं. काउंटरवरच्या माणसाने मात्र विद्याधररावांना पाहून नेहमीच्या सवयीने दोन वडे पुढे सरकवले आणि शुभदाताईंना विचारलं, "अम्मा, तुम्हाला?"

"यातला एक," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या ताटलीतून वडा उचलला. एक घास खाल्ला. थांबल्या. "यात खोबऱ्याचे तुकडे आहेत."

"हो," विद्याधरराव अपराधी स्वरात म्हणाले.

"आणि मिरे अख्खे आहेत." त्यांनी सगळा वडा संपवला, सांबार प्यायल्या आणि कॉफी एकात दोन, म्हणजे एका कपाची दोघांत वाटून, मागवली.

तेव्हापासून तसंच ठरलं. पावणेसहाला एक वडा, तो उघडपणे. त्यानंतर खरोखरचं तासभर चालणं. रात्री साडेसातला भाकरी, भाजी, वरण, आणि भाताची वाटी पूर्वीसारखी मोठी. विद्याधररावांना पहिले आठ दिवस चुकल्यासारखं झालं. दुसऱ्या वड्यासाठी नव्हे, रुमालाने मिशी पुसून घरात शिरण्यासाठी. तेही मग सवयीचं झालं.

चार महिन्यांनी काटा साडेएक्याऐंशीवर आला.

"पायऱ्या नीट मांडल्या की उत्तर येतं," शुभदाताई म्हणाल्या.

"मेंदूतला आकडाच खाली आला," विद्याधरराव म्हणाले. "दुधीची भीती गेली ना."

वाद आठवडाभर चालला आणि शेवटी दोघांनी मिळून आश्लेषाला फोन लावला. ती हसली, पण निवाडा दिला नाही. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही अण्णा. मला अजून तीस जणं पाहिजेत. असेल कोणी ओळखीचं तर पाठवा ना."

त्या संध्याकाळी विद्याधररावांनी शेषगिरींना गाठलं. अभ्यास काय, नळी कशी बसवतात, आलेख कसा काढतात, सगळं समजावून सांगितलं. विज्ञानासाठी एवढं करायला हवं, असंही सांगितलं.

शेषगिरींनी शांतपणे कॉफी संपवली. "रक्त देतो की," ते म्हणाले. "हवं तेवढं घ्या म्हणावं. पण तो आलेखाचा कागद पद्मावतीला दाखवणार नाही, असं आधी लिहून द्यायला सांगा."